वडीवरचं कोरियन फूल

मोहम्मद बिन झायद सिटी, अबुधाबी
मंगळवार

आदरणीय अन्वरी खाला यांना अर्सलानचा सलाम.

मी इथे खैरियतीने आहे. तुमचा गुडघा कसा आहे? (गावाहून परवा परतलेले रफिकभाई "ठीक आहे" म्हणाले, पण ते सगळ्यालाच ठीक म्हणतात.) व्हॉइस मेसेज मुद्दाम केला नाही. तुमच्या फोनवरचा मेसेज अख्खा मोहल्ला ऐकतो, आणि ही माझ्या लग्नाची गोष्ट आहे. म्हणून लिहून फोटो पाठवतोय.

खाला, मुनिबाच्या अब्बांनी, खैरुद्दीन चाचांनी, मी मंगनीसाठी पाठवलेला नारळाच्या वड्यांचा डबा रफिकभाईंच्याच हाती परत केला! डब्यावर मी 'स्वहस्ते' असं नीट लिहिलं होतं. तर म्हणे, "या मशीनच्या वड्या. खोटारड्याला मुलगी देत नाही." मशीनच्या! मी कामाला आहे त्या घरच्या कोरियन किम मॅडमकडे त्यांच्या आजीचा ठसा आहे. पांढऱ्या चिनी मातीचा, वर मूठ, खाली आठ पाकळ्यांचं फूल. सणाला तांदळाच्या पिठाच्या वड्या करून त्यांवर तो दाबतात. ते फूल त्यांच्या घराची खूण, म्हणून ठसा शेजारणीलाही देत नाहीत. तो मला एका दुपारपुरता मिळाला. (मागायला आठ दिवस लागले. दोनदा गेलो आणि मीठ संपलंय एवढंच सांगून परत आलो.) ठशाला तेल लावून, पट्टीने मध्य काढून, चाळीस वड्यांवर चाळीस फुलं उठवली. पाकळी वाकली की वडी बाद. मॅडम म्हणाल्या, "अर्सलान, यल्ला, फिनिश!" पण मी घाई केली नाही. आणि चाचा विचारतात, सगळ्या एकसारख्या कशा? अहो, एकसारख्या याव्यात म्हणून तर जीव काढला! वाकड्या असत्या तर म्हणाले असते, पोराच्या हाताला वळण नाही. पुरावा म्हणून ठसा पाठवावा, तर तो मॅडमच्या घराबाहेर जायचा नाही. (डबा मोजला, एकोणचाळीस भरल्या. एक मुनिबाने ठेवून घेतली, असं रफिकभाई म्हणाले आणि हसले.)

तेव्हा तुम्ही आजच जाऊन माझ्या खरेपणाची ग्वाही द्या. घरात सगळ्यांना सलाम. चाचांना सध्या नको.

तुमचा,
अर्सलान

ता. क. चाचांनाही सलाम सांगा. आत्ताच त्यांचा फोन आला, ते मुलाकडे, फहदकडे, दुबईला येतायत. म्हणाले, "शुक्रवारी तुझ्या मॅडमच्या किचनमध्ये माझ्यासमोर बसून वड्या करून दाखव." मॅडम ठसा द्यायला तयार आहेत.

आणखी ता. क. ग्वाही द्यायला जरा थांबा. 'स्वहस्ते' लिहिलं ते फुलांबद्दल. वड्या दुकानातल्या होत्या. नारळाची वडी करतात कशी ते गुरुवारपर्यंत लिहून पाठवा. वाटीचं माप असेल तर कोणती वाटी, तेही लिहा.