एक ज्येष्ठ पुरुष सहकारी

४ जुलै

चि. नणंदबाईस,
आशीर्वाद आहेत, पण आज दात-ओठ खाऊन देते आहे. फोनवर तोंडातून नको ते निघालं असतं, म्हणून लिहिते.

तुझा लेख छापून आला. आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी वाचला, कारण तो आमच्यावरच आहे. आमच्याच टेबलावर बसून तू पाण्याचे नमुने तपासलेस, आमच्याबरोबर चहा प्यायलीस, आणि दुसऱ्या गावी नोकरी लागताच आम्ही आकडे कसे ठरवतो यावर पानंच्या पानं लिहिलीस. ते असो. पण ‘एक ज्येष्ठ पुरुष सहकारी म्हणाले, आमच्याकडे सरांना आवडेल तोच आकडा खरा,’ हे काय आहे? ते मी म्हणाले होते. तेही मुलाखतीत नाही, काचेची भांडी विसळताना, घरच्या माणसाशी बोलावं तसं.

मला लपवायला तू मला मिशा लावल्यास. अगं, पण इथे ज्येष्ठ पुरुष एकच आहे! सूक्ष्मदर्शकाला डोळा चिकटवून बसणारे आपले भिंगमास्तर. सरांनी त्यांना आत बोलावून झापलं. महिनाअखेर होणारी त्यांची मुदतवाढ अडवली. मास्तर बाहेर येऊन म्हणाले, असं झकास वाक्य मला सुचलं असतं तर मी केव्हाच बोललो असतो. सगळे हसले. मी चहा तसाच सोडून उठले.

ते मास्तर नव्हेत, असं सरांना ताबडतोब लिही.

लोभ आहे, वाढवायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर.
तुझी वहिनी


९ जुलै

ती. वहिनीस,
कान धरून नमस्कार.

वाक्य तुला न विचारता घेतलं, चुकलं. पण सरांना लिहिता येणार नाही. कोण बोललं हे जसं सांगायचं नसतं, तसंच कोण बोललं नाही हेही. तुम्ही सहाच माणसं. मास्तर नव्हेत म्हटलं की सर एकेकाला वगळत तुझ्यापर्यंत पोचतील. तुझीही नेमणूक वर्षावर्षाची, त्यात दादाचं काम सुटलेलं. शिवाय माझ्या अभ्यासात भाग घ्यायच्या संमतीपत्रावर तू सही केलीच होतीस. जरा दम धर, प्रकरण निवेल.

दादाला एवढ्यात सांगू नकोस, तो मला सोलून काढेल.

राग ठेव, पण माया पातळ करू नकोस.
तुझी नणंद


१४ जुलै

चि. नणंदबाईस,
आशीर्वाद उधार.

संमतीपत्राचं नाव काढू नकोस. सरांनी भर बैठकीत स्वतः पहिली सही करून कागद पुढे सरकवला. नाही म्हणायची कुणाची टाप होती? यावर तुझ्या लेखात एक ओळ नाही.

काल मी सरांना सांगून टाकलं, वाक्य माझं आहे. ते थंडपणे म्हणाले, माहीत आहे, इतकं तिखट इथे दुसरं कोण बोलतं? मग मास्तर कशाला, म्हटलं. तर म्हणाले, छापलंय ना ज्येष्ठ पुरुष म्हणून. तुमच्या नणंदेचं संशोधन मी कसं खोटं ठरवू?

कळलं का? नको असलेला आकडा मास्तर दहा वेळा मोजतात आणि दहा वेळा तोच आणतात, म्हणून त्यांना घालवायचंच होतं. तू हातात छापील कारण दिलंस. आता दुरुस्ती छाप. बोलणारी बाई होती, तुझी भावजय होती. माझं नाव, हुद्दा, सगळं घाल. तुझ्या दादाला सांगितलंय. तुझ्यावर भडकला, आणि मला म्हणाला, तुझं नाव घालायला कळव तिला.

वहिनी


२३ जुलै

ती. वहिनीस,
नमस्कार.

दुरुस्ती तुझ्या नावानिशी पाठवली. संपादकांनी उलट विचारलं, ती तुमची भावजय आहे हे लेखात का नव्हतं? मी चूक कबूल केली. लेख मागे घेतला. इतक्या दिवसांची मेहनत मातीत गेली. तुझ्यावर इतकी चिडले होते की लिहायला बसवेना, आणि तुझंच बरोबर होतं याने आणखी चिडले.

लेख मागे घेतल्याचं संपादकांचं पत्र मी सरांना आणि त्यांच्या वरच्यांना पाठवलं आहे. लेखच उरला नाही, आता मास्तरांना कुठल्या ओळीवर घालवतात बघू. तुला घालवायला मात्र सरांना खरं कारण द्यावं लागेल. तोंडी ऐकून घेऊ नकोस, लेखी माग. त्यांच्या सहीचं.

भांडण चालू ठेवू, लोभही.
तुझी नणंद