ऊब गेली या घराची

४ जानेवारी, सकाळी
ही भावाकडे राहायला गेली, ती अजून तिकडेच. नवीन वर्षाचा संकल्प: हातपाय गाळायचे नाहीत, कारणाच्या मुळाशी जायचं. मूळ सापडलंय. निघताना ती दारातून म्हणाली होती, ऊब गेली या घराची. टीव्हीवर मॅच चालू होती, त्यामुळे बाकीचं नीट ऐकू आलं नाही. पण मुद्दा कळला.
उपाय: स्मार्ट थर्मोस्टॅट. थंडीत घर आपोआप गरम, उन्हाळ्यात आपोआप गार. लोक उगाच समुपदेशकाकडे जातात.

५ जानेवारी
घाई करायची नाही. यंत्र आपल्या घराला सूट होतं का, ते आधी तपासायचं. कंपनीच्या वेबसाइटवर त्यासाठी प्रश्न दिलेत. पहिला: हीटिंग गॅसवर की विजेवर? घर तापवणारा बॉयलर जिन्याखालच्या कपाटात आहे, एवढं ठाऊक होतं. त्याच्याकडे हीच बघायची. घरातले मोठे निर्णय माझ्याकडे असतात. पाइपवरून गॅस ठरवला.
दुसरा: कूलिंग त्याच यंत्रणेवर की वेगळं? हिलाच फोन लावला. म्हणाली, एसी एकच आहे, आपल्या खोलीत, आणि तो बंद पडलाय हे मी तुम्हाला दर उन्हाळ्यात सांगत आले. म्हणजे वेगळं. टिक केली. मग ती विचारत होती, जेवता ना वेळेवर. मी म्हटलं, तिसरा प्रश्न वाचू दे.
एकंदर बोलणं छान झालं.

७ जानेवारी, दुपारी
तिसरा प्रश्न वायरींचा. भिंतीवरच्या जुन्या थर्मोस्टॅटचं झाकण काढून बघायचं. आधी मेन स्विच बंद करा, वायरींना हात लावण्याआधी फोटो काढा, वगैरे सूचना आहेत. नवशिक्यांसाठी ठीक आहे.
दोन वायरी निघाल्या. मागे आणखी आहेत का, म्हणून जरा ओढून पाहिलं. फट् आवाज आला. बॉयलर बंद.

७ जानेवारी, संध्याकाळी
झालं ते एका अर्थी बरंच झालं. घर पुरतं गारठल्याशिवाय नव्या यंत्राचा फरक कसा कळणार? दोन स्वेटर घातलेत. कपाटात हिची शाल सापडली. पांघरणार नव्हतो. मग पांघरली. तिला हिच्या तेलाचा वास येतो. फार आठवण आली.

९ जानेवारी
मुलीचा फोन. तिला सगळी योजना समजावून सांगितली. मग म्हणाली, बाबा, आई ‘ऊब गेली’ नाही म्हणाली. ‘उबगले’ म्हणाली. उबगले मी या घराला. मी तिच्या शेजारी बॅग धरून उभी होते.
मी म्हटलं, अक्षरं जवळजवळ तीच आहेत. शिवाय गारठ्यानेही माणूस उबगतो. ती म्हणाली, ठेवते आता.
मुलीने आईची बाजू घेणं स्वाभाविक आहे. त्या मॅचमध्ये कोण जिंकलं, ते मात्र दिवसभर आठवेना.

१२ जानेवारी
वायरमन येऊन गेला. बॉयलर दुरुस्त. यंत्र सूट होतं का, असं स्पष्टच विचारलं. म्हणाला, हीटिंगला होईल, फक्त एक वायर नवी ओढावी लागेल. कूलिंगला नाही होणार, त्या जुन्या एसीला हे चालवता येत नाही. म्हणजे निम्मं सूट. संसारात तरी याहून जास्त कुणाचं काय जुळतं? ओढा म्हटलं वायर. यंत्रही त्याच्याकडूनच घेऊन लगेच बसवलं.
बावीस अंशांवर ठेवलंय. ही बावीस करायची आणि मी जाता-येता अठरावर आणायचो. आता यंत्र कुणाचं ऐकणार नाही.

१५ जानेवारी
मेहुण्याचा फोन. उद्या ही येतेय. थोडं सामान न्यायचंय, म्हणाला. परत यायचं तर माणूस काहीतरी निमित्त सांगणारच. गाद्यांच्या चादरी बदलल्या.

१६ जानेवारी
आली. आल्या आल्या कोट काढून खुंटीला लावला. मी मनात म्हटलं, जिंकलो.
म्हणाली, किती उबदार झालंय हो घर. मी वायरीपासून बॉयलरपर्यंत सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. ऐकता ऐकता कपड्यांच्या दोन बॅगा भरल्या.
नंतर माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, तुम्हाला काही येत नाही, ऐन थंडीत तुमचं कसं होईल, या एकाच काळजीने जीव इथे अडकला होता. येत्या रविवारी परत यायचंच ठरवलं होतं. बॅगा रिकाम्या आणल्या, त्या तुमचं बरं चाललेलं दिसलं तर भरायच्या म्हणून. आता तुमची काळजी मिटली.
टॅक्सीपर्यंत मी तिच्यामागे गेलो. म्हटलं, अगं, हे कूलिंगला सूट होत नाही. वायरमनला विचार हवं तर. उन्हाळ्यात माझे फार हाल होतील.
म्हणाली, उन्हाळ्याला अजून पुष्कळ अवकाश आहे. मग मला आत जायला सांगितलं, बाहेर फार गारठा होता.