आजींची वेणी वाचली

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं.

आमच्या वृद्धाश्रमातल्या एक आजी केसांना कुणी हात लावला की किंचाळायच्या. केसांचा पार गुंता झाला होता. "उद्या कापूनच टाकू," मोठ्या बाई म्हणाल्या, तशा आजी रडायलाच लागल्या. मी म्हटलं, "एकदा मला न्हाऊ घालू द्या."

तू करायचीस तसंच केलं. आधी टोकांकडून गुंता सोडवला. मग कोमट पाणी घेऊन, नखं न लावता बोटांनी हळूहळू चोळलं, फेस पुरता जाईपर्यंत धुतलं आणि खसाखसा न पुसता नुसतं टिपलं. आजी एकदाही किंचाळल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "कुणी शिकवलं गं?"

"आईनं."

"मग तिला सांग, माझी वेणी वाचली."

परवा त्यांनी मलाच पुढ्यात बसवून विंचरलं. "फार गळतात गं तुझे," म्हणाल्या. इथलं पाणी जड आहे, बाकी काही नाही. पण कुणीतरी मागे बसून विंचरतंय म्हटल्यावर माझे डोळेच भरून आले. तुझे किती उपकार आहेत, ते तेव्हा कळलं.

खांद्यामुळे तुझा हात वर होत नाही ना अजून? तुला न्हाऊ कोण घालतं? सुट्टीत आले की मी घालीन.

तुझीच,
धाकटी