आत्याचा उखाणा आणि उणेवाली डीव्हीडी

संगमनेर, रविवार, दिवेलागण

जमलं एकदाचं.

ताईच्या हळदीत आत्याने मामांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, उखाण्यात नाव घेतलं आणि मी ते मोबाईलवर टिपलं, पण गाई सोडून येता येईना म्हणून मामा भंडारदऱ्यालाच राहिले. आत्या नाव घेते ती बायकांतच, त्यामुळे इतक्या वर्षांत त्यांनी तिचा उखाणा ऐकलेलाच नाही. वाडीत रेंज नाही, व्हिडिओ पाठवता येत नाही, म्हणून काल ती घरचा जुना डीव्हीडी प्लेयर गोधडीत गुंडाळून एसटीने घेऊन आली. "ह्याच्यात दिसलं तर नेईन, न्हाईतर ऱ्हाऊ दे." उद्या सकाळी परत जायची.

मोबाईलची फाइल मी डिस्कवर तशीच उतरवली. कॉम्प्युटरवर दिसली, प्लेयर ढिम्म. या प्लेयरला नुसती एमपीफोर फाइल कळतच नाही, व्हिडिओ डीव्हीडीच्या स्वरूपातच लागतो. तसा करून दिला, तरी ढिम्म. मग त्याच्या झाकणावर बारीक अक्षरांत 'डीव्हीडी उणे आर' दिसलं. माझी डिस्क अधिकवाली. असे दोन प्रकार असतात हे मला आजच कळावं?

बाबा म्हणाले, "घरातली पयली बीएस्सी, अन् अधिक-उण्यात अडकली व्हय?" मलाही हसू आलं. पदवी मिळाली म्हणून शिकणं थोडंच संपतं.

दुकानातून उणेवाली डिस्क आणून त्यावर उतरवलं, प्लेयरमध्ये घातली आणि आत्या टीव्हीवर आली. पदर सावरून ठसक्यात मामांचं नाव घेतलं. समोर बसलेली आत्या मात्र लाजून लाल.

"हे त्यांच्यापुढं लावायचं? मी तवा गोठ्यात जाऊन बसंन बाई."

आणि लगेच म्हणाली, "परत लाव गं."