चिंगुरुमाची पाटी

३ डिसेंबर
इत्सुए खुब्याच्या ऑपरेशनसाठी दाखल. येईल मार्चमध्ये. तोवर तिच्या चिंगुरुमाचा चार्ज माझ्याकडे. उंच डोंगरातलं झुडूप, जमिनीला चिकटून पसरतं. बी पेरल्याला अकरा वर्षं झाली, फूल अजून नाही. या वसंतात येईल म्हणते. जाताना एकच सूचना: "अहो, कुंडी बाहेर बर्फाखाली राहू द्या. तुम्ही काही म्हणजे काही करू नका."
बायकांची हौस. मी अडतीस वर्षं विज्ञान शिकवलंय.

५ डिसेंबर
पारा उणे आठ. कुंडी उकरून घरात आणली. कोतात्सुच्या, म्हणजे हीटर बसवलेल्या बुटक्या टेबलाच्या, रजईखाली माझे पाय, शेजारी कुंडी. दोघांनाही ऊब.

२६ डिसेंबर
पालवी! पाणी रोज दोनदा, खत दुप्पट. हॉस्पिटलात इत्सुएला सांगितलं, सगळं तुझ्या म्हणण्याप्रमाणे चाललंय. सरप्राइज द्यायचं तर एवढं चालतं.

११ जानेवारी
पाच कळ्या. मे महिन्यातल्या बागकाम क्लबच्या प्रदर्शनाची लाकडी पाटी आजच लिहून टाकली. 'वाढवणारे: मोमोसे सेइइचिरो. अकरा वर्षं.' इत्सुएचंही नाव घालणार होतो, जागा उरली नाही.

२ फेब्रुवारी
कळ्या गळाल्या. झाड विश्रांती घेत असावं. पाणी वाढवलं. शेजारचे कुत्सुकाके, क्लबचे अध्यक्ष, डोकावून म्हणाले, मुळं कुजलीत. जळतात लेकाचे.

२८ फेब्रुवारी
फांद्या काळ्या. कुंडी परत बर्फात. म्हणजे सूचना पाळली.

१४ मार्च
इत्सुए काठी टेकत थेट अंगणात. एक काडी मोडून पाहिली. रडली नाही, भांडली नाही. कुंडी कधी आत नेली, कधी बाहेर ठेवली, तारखा विचारल्या. पाटीही मागून घेतली. एकूण समजूतदारपणे घेतलं.

१० मे
प्रदर्शन. मधल्या टेबलावर आमची मेलेली कुंडी. पुढे माझी पाटी. 'अकरा वर्षं' खोडून शेजारी इत्सुएच्या अक्षरात: 'पंच्याऐंशी दिवस.' सगळ्यात जास्त गर्दी तिथेच. माझे जुने विद्यार्थी फोटो काढत होते. पाटीवर इत्सुएचं नाव घालायचं कसं राहिलं, असं कुत्सुकाकेंनी विचारलं. ती म्हणाली, "फूल आलं असतं तर यांचंच नाव लागणार होतं. मग आता कशाला काढू?"
लाज वाटली. मी चहाच्या टेबलामागे जाऊन उभा राहिलो.

११ मे
इत्सुएने नवं बी पेरलं. फुलेल तेव्हा ती ब्याऐंशीची असेल. मी म्हटलं, या वेळी नक्की काही करणार नाही. तिने मान डोलावली, आणि कुंडी कुत्सुकाकेंच्या अंगणात ठेवायला दिली.