तपकिरीचा पाय

४ फेब्रुवारी
मागच्या अंगणात ताईची तपकिरी कोंबडी लंगडतेय. ताई म्हणे, "बसून बसून पाय आखडला असेल." बारा वर्षं कोंबड्या पाळून हे ज्ञान! मी पाय उलटा करून पाहिला. तळवा सुजलेला, मधोमध हरभऱ्याएवढी काळी खपली. आत पू धरलाय — आंधळ्यालाही कळेल.

५ फेब्रुवारी
ताईने खपलीवर टूथपेस्ट फासली. "भाजल्यावर लावतात ना," म्हणे. भाजलंय कुठे? तीस वर्षं लॅबमध्ये घालवली मी, जंतू कशाशी खातात ते मला विचारायचं. पण नाही. धाकट्याला काय कळतं! दगडावर डोकं कोण आपटणार?

७ फेब्रुवारी
शेवटी राहवेना, मीच बसलो. टब, मीठ, टॉवेल, हातमोजे — ताईने नेमकं तेवढंच आणून ठेवलं. निदान हमाली तरी जमते. पंधरा मिनिटं कोमट मिठाच्या पाण्यात पाय. टॉवेलात गुंडाळून डोळे झाकले, तशी गप्प झाली. (कोंबडी. ताई नव्हे.) खपली भिजून सुटली. आत पिवळट, घट्ट खडा. चिमट्याने अलगद काढला, आयोडीन लावलं, मलम भरलं.
ताई : "पट्टी बोटांमधून घ्यायची की वरून?"
बोटांमधून, ताई. नाहीतर दोन पावलांत निसटेल. शेंबडं पोरही सांगेल.

९ फेब्रुवारी
पट्टी बदलली. ताई भिंतीला टेकून नुसती बघत होती. "दमले रे." कशाने? काम कोण करतंय?

१२ फेब्रुवारी
खुराड्यातला दांडा छातीइतका उंच, वर खडबडीत. तिथून रोज खाली उड्या — पाय फुटतील नाहीतर काय. दांडा गुडघ्याइतका खाली घेतला, घासून गुळगुळीत केला. खालचा ओला भुसा उपसून कोरडा पसरला. दुपार गेली.
"तुला कसं रे सुचतं सगळं?" ताई म्हणाली. लहानपणी माझी पाटी पुसून स्वतःच गणित सोडवायची ही बया. आता कौतुक सुचतंय.

१६ फेब्रुवारी
पांढरीच्याही पायाला तेच. मी एकट्याने केलं — धरणं, भिजवणं, पट्टी, सगळं. ताई आतून खाटेवरूनच, "झालं का?" एवढंच. मालकीण बघा.

१८ फेब्रुवारी
जनावरांचे डॉक्टर लस द्यायला आले. तपकिरी आता नीट चालते. त्यांनी पांढरीची पट्टी निरखली. "ताईंचाच हात. असल्या पायांसाठी मी लोकांना यांच्याकडेच पाठवतो. माझ्यापेक्षा सफाईने करतात."
मी ताईकडे पाहिलं. ती दाणे निवडत होती. मान वर केली नाही.

१९ फेब्रुवारी
सकाळी विचारलंच — मग हे नाटक कशाला?
"मी शिकवायला बसले असते, तर तू शिकला असतास?"
मग तिनेच सांगितलं.
सोमवारी तिचं ऑपरेशन आहे. पोटात गाठ. महिनाभर तिला ठाऊक होतं.
"मी येईपर्यंत सांभाळ त्यांना," म्हणाली. मग दाण्यांचं सूप माझ्याकडे सरकवत, "नंतरही."