कपाटाच्या खुणा

पोर्तेल, ३ मे १९९१

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तब्येत ठीक असेल आणि नेउसताईच्या घरचा घेवडा खाताना तोंड वाकडं करणं चालू असेल, असं धरून चालते. तुम्हाला फोन ऐकू येत नाही म्हणून पत्रातच भांडते.

तुम्ही कळवलेल्या खुणांवर काल होडीवाल्या किमने होडी उभी केली. होडीतून किनाऱ्याकडे बघता देवळाचं घंटाघर लाल घराच्या डोक्यावर, सुळका दीपगृहाच्या मागे, सगळं जुळलं. मी पाठीवर हवेची टाकी बांधून अडतीस मीटर खाली गेले. खाली वाळू, आणि वाळूत कुणाचा तरी एक बूट. किम म्हणाला, कोळ्याने सांगितलेली खूण आणि सासूने केलेलं कौतुक, दोन्ही तपासून घ्यावं.

केव्हाही उघडा, काहीतरी हाताला लागणारच, म्हणून आजोबा ज्या खडकाला कपाट म्हणायचे, तो मला हवाय. राखीव समुद्राची हद्द आखायला सरकारी बोट १२ जूनला येतेय. जो खडक आपण दाखवू आणि फोटोत येईल, तो हद्दीत. बाकी सगळं सहलीच्या बोटींना मोकळं. जुलैपासून तिथे रोज नांगर पडतील आणि वर्षभरात कपाटाचा चुरा होईल. खऱ्या खुणा कळवा.

राग माझा, लोभ तुमचा, दोन्ही असू द्यावेत.
रेमेई


ओलोत, ९ मे

चि. रेमेईस,
अनेक आशीर्वाद.

घेवडा पोटाला सोसत नाही, पण नेउसला कळवू नकोस.

वाळू लागली ते बरंच झालं. आमच्यात विचारणाऱ्याला नाही म्हणत नाहीत, एक खूण जराशी सरकवून देतात. माझ्या बापाने मलाही वीस वर्षं सरकवलेलीच दिली. त्याच्या हातातून वल्हं सुटायला लागलं तेव्हा खरी सांगितली. कागदावर चढलेली खूण म्हणजे गावजेवणच. शिवाय त्या पाण्याने माझे कान खाल्ले, तुझे खायला नकोत. सरकारी पाहुण्यांना उथळ पाण्यात खेकडे दाखव, तेवढं पुरे.

लोभ आहेच, हट्ट कमी कर.
तुझा बाप
नार्सिस


पोर्तेल, १६ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हट्ट तुमच्याकडूनच आलाय, आता परत कुणाला करू? खूण जराशी सरकवली म्हणता, म्हणजे खडक जवळच आहे. तळाशी दोरी टाकून पट्ट्यापट्ट्याने शोधतेय. सोमवारपासून तीन बुड्या झाल्या. काल वर आल्यावर बोटांना मुंग्या आल्या. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर पाण्यात जायचं नाही. म्हणून पुढच्या शुक्रवारी पुन्हा उतरेन, आणि कपाट सापडेपर्यंत रोज. ही धमकी नाही, वेळापत्रक आहे.

ताईला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
रेमेई


ओलोत, २० मे

चि. रेमेईस,
आशीर्वाद.

शोधाशोध थांबव. लाल घर नव्हे, त्याच्या उजवीकडचं शाळेचं छप्पर. दुसरी खूण खरी आहे.

आता कारण वाच. सत्तावन्न साली माझं जाळं कपाटात अडकलं. सोडवायला घाईघाईत बुडी मारली, त्यात कान गेले आणि जाळं तिथेच राहिलं. कुणाला बोललो नाही. पुढे मच्छीमार मंडळाचा अध्यक्ष झालो. खडकावर जाळं टाकून आला म्हणून किमच्या बापाची होडी सहा महिने किनाऱ्याला बांधायला लावली ती मीच. तो समोर मान खाली घालून बसला होता. जाळं बुडवणाऱ्या शिशाच्या गोळ्यांवर आपल्या घराची खूण, तीन रेघा आहेत. मला लाज वाटते, पोरी. जमलं तर आधी शिसं कापून आण, मग खडक दाखव.

एवढं वाचूनही लोभ उरला तर ठेव.
नार्सिस


पोर्तेल, ३ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

शाळेचं छप्पर खरं निघालं. खाली उतरताना आधी जांभळे समुद्रपंखे दिसले, इतके दाट की खडक दिसेना. मग गोबरे मासे. सात मोजले. सगळ्यात मोठा मला बघून हललासुद्धा नाही, मंडळाच्या बैठकीत तुम्ही बसायचात तसा. फटीफटीत शेवंडी, कपारीच्या छताला लाल पोवळं. एवढा जिवंत समुद्र मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मुखवट्यात रडू नये म्हणतात, मी रडले.

मग तुमचं जाळं दिसलं. उत्तरेचा सगळा उतार त्याच्याखाली बोडका झालाय. पण दोऱ्यांवर आता पोवळ्याचे कोंब धरलेत. शिसं ओढलं की ते तुटतात. सुरी काढली आणि परत ठेवली. बाबा, मी कापणार नाही. फोटोत तीन रेघा दिसतील आणि त्या दिवशी होडी किमची असेल. तुम्हाला न विचारता तुमची अब्रू चव्हाट्यावर मांडणार नाही, पण खडकही सोडणार नाही. हो म्हणा.

तुमच्यावर रागावले नाहीये. तुम्हीही रागावू नये.
रेमेई


ओलोत, ७ जून

चि. रेमेईस,
अनेक आशीर्वाद.

हो.

मंगळवारच्या बसने येतोय. सरकारी बोटीला खुणा मी स्वतः दाखवीन आणि जाळं कुणाचं ते मीच सांगेन. किमला मात्र त्याआधी, त्याच्या होडीत बसून सांगणार. तू मध्ये पडू नकोस.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा बाप
नार्सिस

ता. क. किम काय बोलेल ते मला ऐकू येणार नाही. वही आण आणि शब्द न् शब्द लिहून दे. शिव्या असल्या तर त्याही.